मोरीखालच्या घागरीची कहाणी

ऐका नदीबाई, तुमची कहाणी. आधी गुन्हेगाराचं नाव ऐका. नाव रायाजीशेठ. दोष दैवाचा नव्हता, पावसाचा नव्हता, कुणाच्या मागल्या जन्मीच्या पापाचा नव्हता. रायाजीशेठाचा होता. आणि त्याच्या पंगतीला जेवून ढेकर देणाऱ्या म्हाताऱ्यांचा त्याच्या खालोखाल होता. आता तांदूळ मुठीत घ्या आणि नगर ऐका.

नगर आटपाट होतं, नदी बारमाही होती. नदीला चार घाट होते. सगळ्यांत वरचा पाणी भरायचा, त्याखाली धुण्याचा, त्याखाली गुरांचा. चौथ्याला घाट म्हणायचं इतकंच, पायरी एक नव्हती. तिथं खालची वाडी पाणी भरायची. म्हणजे वरच्यांनी प्यायचं, वरच्यांनी धुवायचं, वरच्यांच्या म्हशींनी डुंबायचं, आणि मग जे येईल ते वाडीनं प्यायचं. ह्याला नगरातले थोर लोक रीत म्हणत.

पहिल्या घाटाच्या जरा खाली रायाजीशेठाची रंगशाळा होती. बारा भट्ट्या, बारा रांजण. त्यांत तेजाब, त्यांत हिराकस, त्यांत पिवळी जहरी हरताळ. लुगडी रंगायची, देशोदेशी जायची. उरलेलं पाणी मोरीतून नदीत जायचं. सोमवारी नदी तांबडी, मंगळवारी हिरवी, बुधवारी जांभळी. पोरांना गंमत वाटली. मग मासे उताणे आले. मग बगळे गेले. मग वाडीतल्या गाईंच्या कासा आटल्या, माणसांच्या अंगावर चट्टे उठले, लेकरांना हगवण लागली ती थांबेना. शेठाच्या घरी काही झालं नाही. शेठाचं पाणी पहिल्या घाटावरचं, मोरीच्या वरचं.

वाडीची माणसं पंचांकडे आली. पंचांत थोरले होते आबा. आबा म्हणाले, “नदी कोपली. ओटी भरा.” मग ओटी भरली. खण, नारळ, हळदकुंकू, सगळं पाण्यात. दुसऱ्या महिन्यात आबा म्हणाले, “दुधाचा अभिषेक करा.” मग हंड्यांनी दूध ओतलं. वाडीतली पोरं काठावर बसून बघत राहिली. तिसऱ्या महिन्यात आबा म्हणाले, “कुणीतरी विटाळ केला.” मग शोध झाला. दुसऱ्या घाटावर एक ओली बाळंतीण बाळाचं दुपटं धुताना सापडली. तिला घाटबंदी केली. तिच्या पाठीमागं शेठाची मोरी धबाधबा पडत होती. सात पंच होते, चौदा डोळे होते. एकालाही मोरी दिसली नाही.

रायाजीशेठाची धाकटी सून साळू. ती वाडीतली. धाकट्या मुलानं हट्टानं केलेली, म्हणून घरात आलेली; तो बाराही महिने लुगडी घेऊन देशोदेशी. तिला मुलगी एकच, पाच वर्षांची चिमा. शेठ जगाला कडू होता, चिमाला गूळ होता. ती त्याच्या ताटात जेवायची, त्याच्या पागोट्याचा झोका करायची. तिनं “आजा” म्हटलं की बारा भट्ट्या सोडून उठायचा.

एके दिवशी साळूच्या माहेरून सांगावा आला. भाऊ भिवा, त्याचं लेकरू गेलं. साळू वाडीत धावली. भिवा उंबऱ्यात बसलेला. तिनं गळ्यात पडायला हात पुढं केले, तो मागं सरकला.

“कशानं गेलं रे?”

“पाण्यानं गेलं, साळे. तुझ्या घरच्या पाण्यानं. तू नेसलीस ना लुगडं, त्याच रंगानं.”

साळू तशीच उठली. चौथ्या घाटावर जाऊन रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. तिचे हात कोपरापर्यंत तीन रंगांचे, केस गळलेले, अंगाला घाण येत होती.

“कोण गं तू, आजी?”

“वरून येते, खाली जाते. सगळ्या गावाचं धुते. माझं कुणी धुतं का, ते बघते.”

साळूनं ओळखलं. पाय धरले. “आई, मला एखादा वसा सांग. माझ्या भावाचं लेकरू गेलं, आता दुसऱ्या कुणाचं जाऊ नये.”

म्हातारी म्हणाली, “सांगते. पण पाळायचा तुझ्या सासऱ्यानं. मला खण नको, नारळ नको, दूध नको. ओटी भरून भरून गुदमरले मी. ज्याची मोरी मला येऊन मिळते, त्यानं आपल्या घरची प्यायची घागर त्याच मोरीच्या खाली भरावी. राजानं भरावी, रंकानं भरावी. कर्त्यानं आधी प्यावं, मग लेकराला द्यावं. एवढंच. ह्यात लबाडी केली तर मी शाप देत नाही. मला शाप द्यावा लागत नाही.”

साळू घरी आली. सासऱ्यासमोर उभी राहिली. “मामंजी, हा वसा घ्या. नाही घेतलात तर चिमाला उचलते आणि वाडीत राहायला जाते. तिथलं पाणी आम्ही मायलेकी पिऊ.”

शेठ हसायला गेला, हसू फुटेना. नात वाडीत राहणार? तिथलं पाणी पिणार? मग त्यानं पंच बोलावले, त्यांच्यासमोर वसा घेतला. आबा म्हणाले, “केवढा हा त्याग!” सगळे जेवून गेले.

मग पहिला महिना. शेठाचा गडी रोज पहिल्या घाटावर घागर भरी, गुपचूप वळसा घाली, आणि वाडीच्या वाटेनं घाम पुसत घरी येई. बघणाऱ्याला वाटावं, खालूनच आला. वाडीत आणखी दोन लेकरं गेली. साळूनं एक दिवस घागर उपडी केली. तळाशी वाळू होती.

“मामंजी, ही वाळू पांढरी आहे. आमच्या वाडीला गाळ आहे, आणि तो काळा आहे.”

“गड्याची चूक झाली असेल,” शेठ म्हणाला.

आबा म्हणाले, “सुनेनं सासऱ्याच्या घागरीत हात घालावा? आमच्या वेळी असलं नव्हतं.” खरंच नव्हतं. त्यांच्या वेळी नदी पिता येत होती. आधीच्यांनी तशी ठेवली होती, म्हणून. त्यात ह्यांचं काय?

मग दुसरा महिना. आता घागर साळू स्वतः मोरीच्या खाली भरी. शेठानं मोरीला फळी लावली. दिवसा फळी बंद, दिवेलागण झाली की उघडी. साळू उजाडताना घाटावर गेली, तर काठच्या दगडांवर हातभर उंचीची ओली तांबडी रेघ. तिनं घागर रिकामी परत आणली.

“मामंजी, दगड ओले कसे? रंग ताजा कसा?”

“जुनाच रंग असेल. दगडात मुरलाय.”

आबा म्हणाले, “अंधारात कोण पाणी भरतं? कुणाचं काय बिघडलं?” जसं काही रात्री सोडलेलं पाणी पहाटेपर्यंत देशोधडीला लागतं, आणि वाडी तहान लागली की मुहूर्त बघते.

साळूनं चिमाला कडेवर घेतलं, बोचकं काखेत मारलं. शेठ दारात आडवा झाला. “थांब पोरी. मोरी कायमची बुजवतो. तुझ्या डोळ्यांसमोर बुजवतो.”

आणि बुजवली. दगड, चुना, वर पाटी. पंचांनी शेठाला शाल दिली, श्रीफळ दिलं, “जलरक्षक” म्हटलं. नदी नितळ झाली. वाडीतल्या बायकांनी पायरीशिवायच्या घाटावर दिवे लावले. साळूसुद्धा हसली. भिवा तिच्याशी बोलला.

पण भट्ट्या बाराच्या बारा पेटलेल्या होत्या. लुगडी रंगत होती. तेव्हा पाणी कुठं जात होतं, हे विचारायला हवं होतं. नगरात कुणी विचारलं नाही, कारण शाल देऊन झाली होती.

रंगशाळेच्या मागं एक पडकी विहीर होती. रांजण तिच्यात रिकामे होत होते. शेठ स्वतःशी म्हणाला, जमिनीत मुरेल. जमीन सगळं पोटात घेते. जमिनीच्या पोटातून पुढं कुठं जातं, हा विचार त्यानं केला आणि सोडून दिला. केला होता, हे ध्यानात ठेवा. अडाणी होता म्हणून सुटका नाही.

मग चैत्र आला. नदीची धार बारीक झाली. बायकांनी मोरीच्या खालच्या अंगाला वाळूत झिरा उकरला. वाटीवाटीनं पाणी साठू लागलं. गार, स्वच्छ, तळ दिसणारं. विहिरीचं पाणी वाळूखालून तिथंच येत होतं. रंग वाळूनं धरून ठेवला. हरताळीचं विष धरलं नाही.

पहिला भरायचा मान साळूला दिला, तिनं नदी सोडवली म्हणून. तिनं घागर भरली, पदरानं झाकली, घरी आणली. देवघरापुढं ठेवली. चिमा नाचत आली. “आई, मला आधी!”

“आधी आजा. वसा तसाच आहे.”

साळूनं तांब्या भरला, सासऱ्याच्या हातात दिला. “कुठलं पाणी?” शेठानं विचारलं.

“झिऱ्याचं. मोरीच्या खालचं. बघा तर, आरशासारखं आहे.”

शेठ पाण्याकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं. साऱ्या नगरात त्या एकट्यालाच ठाऊक होतं. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागतं. सांगावं, तर विहीर बाहेर येते, शाल जाते, पंच उठून जातात. एका तांब्यानं काय होतंय, असं तो मनात म्हणाला. मग तोंड वळवलं, तुळशीला नमस्कार करायचं निमित्त केलं, तांब्या वृंदावनात ओतला. मिशीवरून हात फिरवला. परत येऊन रिकामा तांब्या दिला.

“गोड आहे,” म्हणाला.

मग चिमा प्याली. एकदा प्याली, दोनदा प्याली, तिसऱ्यांदा आजाच्या मांडीवर बसून प्याली. आजानं तिचा हात धरला नाही.

तिन्हीसांजेला चिमाला ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी हातपाय गार पडले. वैद्य आले, काढे दिले. पंच आले, दृष्ट काढा म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिनं “आजा, पाणी” म्हटलं, आणि पाणी आणेपर्यंत गेली.

साळू अंगणात आली. बघते तर तुळस काळी पडली होती. पानं जळून मातीला चिकटली होती. ती तुळशीकडे बघत राहिली, मग सासऱ्याकडे.

“मामंजी, तुम्ही आधी प्याला होतात ना?”

शेठाचा हात मिशीकडे गेला.

“मामंजी, मी तुमचा रिकामा तांब्या बघून तिला पाणी पाजलं.”

शेठानं पागोटं काढून खाली ठेवलं.

“तुमच्या तोंडून एक शब्द हवा होता. ‘नको.’ तेवढा एक.”

तेव्हा शेठ उठला. नात दोन्ही हातांवर घेतली, अनवाणी चौथ्या घाटावर गेला. म्हातारी तिथं बसलेली. तिच्या पायांवर त्यानं डोकं आपटलं. “चुकलो. उतलो, मातलो. आता विहीर उपसतो, भट्ट्या विझवतो, देऊळ बांधतो, तुला सोन्याचं लुगडं नेसवतो. माझी नात उठव.”

म्हातारी म्हणाली, “कहाण्यांत लेकरं उठतात, ते ऐकून आलास वाटतं. सोनं घे, नारळ घे आणि झालं ते पुसून टाक, असं म्हणायला आलास. मी पाणी आहे रे. तू घालशील ते मी वाहून नेते, आणि जो ओंजळ भरेल त्याला देते. तुझं पोर कुठलं, भिवाचं कुठलं, मला ओळखता येत नाही. वाडीतली लेकरं नाही उठली. हीही उठायची नाही. ऊठ, तिला माती दे. आणि वसा उरलाय, तो पाळ.”

मग शेठानं मातीचं काम उरकलं. मग विहीर उपसली. उपसलेलं कुठं टाकू, म्हणून तो पंचांना विचारायला गेला. पंच घरी नव्हते. वाडीच्या बायका घागरी घेऊन त्यांच्या दारोदार गेल्या होत्या, झिऱ्याचं पाणी पुढं धरून. “प्या आबा, जलरक्षकाचं तीर्थ आहे.” आबा मागच्या दारानं गेले. दोन पंच न पिताच आजारी पडले. एकाला अचानक लेकीकडे जायचं आठवलं. त्या दिवसापासून पंचायतीत वाडीच्या बायका बसल्या, साळू त्यांत बसली. ती शेठाच्या घरी परत गेली नाही.

बायकांनी नियम केला. विहिरीचा गाळ चुन्यात बांधून, पक्क्या टाकीत कोंडायचा. भट्टीच्या पाण्याला आधी एक तळं चुन्याचं, मग एक तळं वाळूकोळशाचं, मग तिसरं तळं माशांचं. मासे महिनाभर जगले तर पाणी पुढं सोडायचं. मेले तर भट्टी बंद, शेठ असो की राजा. हरताळ कुणी नगरात आणायचीच नाही. शौचकूप नदीपासून आणि विहिरीपासून लांब. निर्माल्य खड्ड्यात. आणि इतकं करूनही भट्टीवाल्याची घागर भट्टीच्या खाली, रोज, सगळ्यांसमोर.

तीन पावसाळे गेले. पहिल्यात वास गेला. दुसऱ्यात मासे आले. तिसऱ्यात बगळे आले. चौथ्या घाटाला पायऱ्या झाल्या. भिवाला दुसरं लेकरू झालं, ते पाण्यात पाय आपटत मोठं झालं.

तेव्हा बायांनो, उतू नका, मातू नका, आणि मुठीतले तांदूळ नदीत टाकू नका. चिमण्यांना घाला. घरी जाल तेव्हा आपली मोरी कुठं जाते ते बघा, शेजारच्या कारखान्याची कुठं जाते ते विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी “हे असंच चालतं” म्हटलं, तर त्यांच्या हातात तांब्या द्या आणि ते पिईपर्यंत समोरून हलू नका. वाडीला जसं स्वच्छ पाणी लाभलं, तसं तुम्हां-आम्हांला लाभो. साठ घागरींची ही कहाणी पाच ओंजळींत सांगितली, वाडीला सुफळ झाली.

रायाजीशेठाची नात गेली. ती पाच वर्षांची होती.