जहाजावरचा दहावा

"संन्याशाला सुतक लागतं का हो, महाराज?"

महाराज चहात बिस्किट बुडवत होते. ते मऊ होऊन कपात पडलं. त्यांनी चमच्यानं काढून खाल्लं.

"तू संन्यासी कधी झालास?"

"होणारच आहे ना. पलीकडे पोचलो की..."

"मग पोचल्यावर विचार."

अच्युतला हे लागलं.

त्याची आई गेली होती. जहाजानं मुंबई सोडली आणि तिकडे गावात म्हातारीनं डोळे मिटले. कप्तानानं निरोप आणला तेव्हा अच्युत जपाला बसला होता. त्यानं माळ पुरी केली आणि मगच उठला. डोळ्यांतून टिपूस नाही. वर त्याचाच त्याला अभिमान. असतात अशी माणसं, काय करणार.

जहाज मालवाहू. लोखंडाच्या पेट्यांवर पेट्या रचलेल्या, आणि त्यांच्यामागे एका कोपऱ्यात प्रवाशांच्या दोन खोल्या. विमानात महाराजांचे कान फुटायला यायचे, म्हणून ते असेच मालाच्या सोबतीनं समुद्र ओलांडायचे. पल्याडच्या एका बंदरात त्यांचा मठ होता. तिथली गादी अच्युतला द्यायची, असं ठरल्यातच जमा होतं.

घरी मात्र तो यातलं काही बोलला नव्हता. पावसाळ्याच्या आत येतो, एवढंच सांगून निघाला. आई तेव्हा अंथरुणावर होती. तिचं सगळं धाकटी बहीण कुंदा करायची. त्यातच त्या पोरीचं लग्नाचं वय निघून गेलं होतं.

"आज दहावा ना?" महाराजांनी विचारलं.

"हो. माझा चुलतभाऊ करतोय, सदा. मी काही हे मानत नाही. कावळे बिवळे..."

"बरं."

बाहेर राखाडी पाणी होतं, आणि वर तसंच राखाडी आभाळ. कित्येक दिवसांत एक पाखरू दिसलं नव्हतं.

तेवढ्यात कप्तान परेरा दारात आले.

"फोन आहे तुमचा. बहीण बोलतेय. लवकर चला, लाइन टिकत नाही."

फोन अगदी वर, जहाज चालवायच्या खोलीत होता. अच्युत झपझप जिने चढला. महाराजही कठड्याला धरून, धापा टाकत मागोमाग आले.

"दादा... कावळा शिवत नाही रे."

कुंदा गावच्या नदीकाठावरून बोलत होती. दहाव्याला पिंड मांडायचा आणि कावळ्याची वाट बघायची. त्यानं चोच लावली नाही, तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं सगळे धरून चालतात. मग एकेकानं पुढं होऊन मोठ्यानं शब्द द्यायचा. अमुक करू, तमुक सांभाळू... तो शिवेपर्यंत.

"कावळे आहेत का पण तिथं?"

"झाडभर आहेत. एक तर खाली उतरलाय. नुसता बघतो."

"काय काय बोललात?"

"सगळं बोललो. गाय विकणार नाही म्हटलं. देवाजवळचा दिवा चुकवणार नाही म्हटलं. सदा म्हणाला, काकी, काळजी करू नको, अच्युत परत येईल. हे तर कितीदा म्हणाला."

"मग?"

"कावळा आणखी लांब सरकला."

अच्युतनं घसा साफ केला. "भटजींना म्हणावं, दर्भाचा कावळा करून लावा. शास्त्राला चालतं."

"तेही तेच म्हणतात. पण आईचा जीव असा अडकलेला ठेवून मी घरी कशी जाऊ? तूच सांग काहीतरी. तुझ्यापाशीच अडकलं असणार तिचं..."

अच्युतनं रिसीव्हरवर तळवा दाबला.

"महाराज, काय सांगू?"

"परत जाणार आहेस?"

समोरच्या मोठ्या काचेतून फक्त समुद्र दिसत होता.

"...नाही."

"तेवढं सांग."

"मेलेल्या आईला हे सांगू?"

"जिवंत होती तेव्हा कुठं सांगितलंस."

खरं बोलण्यावर अच्युतनं स्वतः तास तास प्रवचनं दिली होती. ऐकणाऱ्या बाया डोळे पुसायच्या.

त्यानं तळवा काढला.

"कुंदे... आईला सांग, अच्युत परत येणार नाही. पावसाळ्याआधी नाही आणि नंतरही नाही. निघतानाच त्याचं ठरलं होतं."

त्यानं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"कुंदे?"

"हे... सांगू?"

"हो."

"मोठ्यानं? सगळ्यांसमोर?"

"सांग."

पहिल्यांदा तिचा आवाजच फुटेना. "आई, दादा..." एवढ्यावरच अडकली. तिला पाणी द्या रे, असं कुणी बाई म्हणाली. मग कुंदानं पुन्हा सुरुवात केली आणि सगळं सांगितलं, ओरडून, शेवटच्या शब्दापर्यंत. तो आवाज फोनमधून खोलीभर झाला. कप्तान परेरांनी तोंड फिरवलं.

मग काठावर एकदम गलबला उठला.

"शिवला," कुंदा म्हणाली.

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग लाइन गेली की तिनंच फोन ठेवला, कळलं नाही.

अच्युत तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला. आणि निघाल्यापासून पहिल्यांदा रडला. मनसोक्त, पोरासारखा. महाराज बाजूला उभे राहिले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं अच्युतनं उपरण्यानं तोंड पुसलं. चेहरा उजळला होता.

"शिवला, महाराज. आई सुटली." त्यानं मोठा श्वास घेतला. "मलाही मोकळं वाटतंय..."

महाराजांनी रिसीव्हर उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"कुंदाची काय इच्छा राहिलीय, ते विचारलंस?"