घंटेची दोरी

किती पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट, ते आता समुद्रालाच ठाऊक. किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळ्यांचं एक गाव होतं. धुकं पडलं की चर्चची घंटा वाजे आणि तिच्या आवाजाच्या रोखाने होड्या खडक चुकवून घरी येत. घंटा इतकी जड, की दोरी ओढायला दोघे लागत. तो मान चर्चच्या मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांचा. दुसऱ्या कोणी दोरीला हात लावायचा नाही.

हे दोघे वीस वर्षं एकाच प्रश्नावर भांडत होते. थोरले म्हणत, "कोण तरणार, हे देवाने आधीच ठरवलंय." धाकटे म्हणत, "मग माणसाला मन कशाला दिलं?"

एका सकाळी दाट धुकं उतरलं. चार होड्या समुद्रात होत्या. एकीत आपला नवरा आहे म्हणून एक तरुण कोळीण धावत चर्चमध्ये आली.

"काका, घंटा!"

"जे यायचे ठरलेत ते येतीलच, पोरी," म्हणत थोरल्यांनी दोरी धरली.

"थांबा!" धाकटे म्हणाले. "आधी मान्य करा, माणसाच्या करण्याने फरक पडतो."

"मुळीच नाही. माझ्याकडून ओढवून घेणाराही देवच."

"मग मी हात लावत नाही. बघू देव तुमच्या एकट्याकडून कशी ओढवून घेतो!"

"आणि जेवताना घास कोण उचलतं, काका?" ती ओरडली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस," दोघे एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

बायबलमधल्या वचनांवर वचनं निघाली. दारात बायका जमल्या, पण वडीलधाऱ्यांपुढे गप्प उभ्या राहिल्या. ती विनवत राहिली. शेवटी तिने दोरीवर झडप घातली, तेव्हा कुठे आणखी एक बाई पुढे आली आणि घंटा वाजली.

तीन होड्या परतल्या. चौथी, तिच्या नवऱ्याची, दुपारी दिसली, खडकावर फुटलेली.

संध्याकाळी दोघे तिच्या घरी गेले. थोरल्यांनी "देवाची इच्छा" म्हणायला तोंड उघडलं.

"देवाने काय ठरवलं होतं ते मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "तुम्ही काय ठरवलंत, तेवढं सांगा."

मग ती हळूच म्हणाली, "आणि मी तरी काय केलं? दोरी समोर होती, आणि मी तुमच्या परवानगीची वाट पाहत बसले."

तात्पर्य: देवाच्या हातात काय आहे याचा वाद कधीही घालता येतो, आपल्या हातातलं काम मात्र वेळेवरच करावं लागतं.