ढोलाने बोलावलेली माणसे

एका राज्यात डोंगर कोसळला आणि पायथ्याचे अख्खे गाव भर दुपारी गडप झाले. कोंडाजी दवंडीवाल्याने राजधानीच्या चौकाचौकांत ढोल बडवला. "ऐका हो ऐका! वाचलेल्यांना महाराज घरे बांधून देणार! नगरशेठ धनदत्तांनी कोठारभर धान्य दिले! सेनापती रणशूरांनी हजार घोंगड्या दिल्या!" लोकांनी टाळ्या पिटल्या. गायिका कमळजेने काय देणार ते कळवले नाही, म्हणून तिच्या दारावर शेण फेकले. ते पाहून कोंडाजीही हसला.

पुढे धान्य गेले नाही, घोंगड्याही गेल्या नाहीत. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी! वाचलेली माणसे उघड्या माळावर कुडकुडत राहिली.

नवव्या दिवशी माध्यान्ही मेलेली माणसे आली. त्यांच्या पापण्यांवर चिखल होता आणि त्यांना सावली नव्हती. शेठच्या आणि सेनापतीच्या दारी ती ओंजळ पुढे करून रांगेत उभी राहिली. भांडली नाहीत, रडली नाहीत. म्हाताऱ्यांना मात्र त्यांनी पुढे जागा दिली.

त्याच दिवशी कोंडाजीच्या लेकीचे, सगुणेचे, पाय घोट्यापर्यंत मातीचे झाले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत.

कोंडाजीच्या कुंपणावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "कोंडाजी, या माणसांना तुझ्या ढोलाने बोलावले. माती छातीला पोचली की लेक गेली. तीन दारी जा. शेठचे मूठभर धान्य आण, सेनापतीची लोकर आण, आणि जिच्या नावाचा ढोल वाजला नाही तिच्या चुलीची राख आण. ते पायांना लाव."

शेठ म्हणाला, "दवंडी झाली ना? मग आता काय राहिले?" तरी दारातली ब्याद टळावी म्हणून त्याने मूठभर गहू दिले. कोंडाजीच्या हातात त्यांचा चिखल झाला. सेनापतीच्या लोकरीचेही तेच झाले. बोललेले दान आता मेलेल्यांचे होते.

कमळजेच्या दारी एकही मेलेला नव्हता. घरात ना भांडे, ना अंथरूण. तंबोऱ्याची खुंटीही रिकामी होती.

"बाई, सामान कुठे गेले?"

"माळावर. पहिल्याच दिवशी."

कोंडाजीने तिच्या चुलीतली राख ओंजळीत घेतली आणि तिलाही घरी नेले. ती राख लावताच सगुणेच्या पायाचा अंगठा हलला, पण अंगठाच. माती तर कमरेला पोचली होती.

कमळजा म्हणाली, "राख एवढेच करील. बाकीचे तुमच्या तोंडात अडकले आहे."

राजाज्ञेवाचून दवंडी देईल त्याची जीभ छाटावी, असा त्या राज्याचा कायदा होता. कोंडाजीने लेकीकडे पाहिले आणि ढोल गळ्यात अडकवून तो चौकात आला.

"ऐका हो ऐका! शेठने दिले नाही. सेनापतीने दिले नाही. मी न बघताच ओरडलो. बाबांनो, तुम्ही माझ्या शब्दावर इतक्या लांबून आलात. मला क्षमा करा."

दोन्ही रांगांतल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. मग ती माणसे शेठच्या आणि सेनापतीच्या भिंतींतून आरपार आत शिरली. पोती खांद्यावर, घोंगड्या डोक्यावर घेऊन माळाकडे चालू लागली. जिवंतांपुढे सगळे ठेवून ती डोंगरात परत गेली.

राजा नागवी तलवार घेऊन महालाच्या पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर एक मेलेले मूल ओंजळ धरून उभे होते.

"महाराज," कोंडाजी म्हणाला, "पहिली दवंडी आपली होती."

राजाने त्या ओंजळीकडे पाहिले. मग त्याने तलवार खाली ठेवली, पहिल्या घराचा दगड स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि माळाची वाट धरली. पायरीवर ओल्या पावलांचे ठसे तेवढे उरले.

सगुणा धावत दारात आली. कोंडाजीला वाटले, आता कमळजेच्या नावाने सात दिवस ढोल वाजवावा. तो तिच्याकडे गेला.

"नको," ती म्हणाली. "ढोल ज्याचे नाव सांगतो, त्याचे घर मेलेल्यांना सापडते. माझे सापडायला नको."

त्या राज्यात आजही घेणाऱ्याचा हात भरल्यावरच ढोल वाजतो. शेठचे वंशज मात्र माध्यान्ही दार उघडत नाहीत.