बाळकूने बदल मागे घेतले

खोळगाव नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात बाळकू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती, तर कोणी ‘बस’ म्हटलं की हा उभा असेल तिथंच बसायचा. खाली चिखल आहे की चूल, हे बसल्यावर बघायचा.

अशा माणसाला नोकरी कशी टिकणार? आज धरली, उद्या सुटली. शेवटी त्याची बायको शेवंता माहेरी गेली. सासऱ्याने निरोप धाडला, जावई एका जागी टिकला तरच मुलगी पाठवू.

गावात तायाप्पा ठेकेदार होता. इंदुअक्कांचं घर तो बांधत होता. अक्कांचं मन घडीघडीला बदलायचं. आज खिडकी इकडे, उद्या तिकडे. कोण कधी काय बोललं यावरून रोज भांडणं. म्हणून तायाप्पाने फोनमध्ये एक ॲप आणलं. घरात काही बदलायचं असलं की त्यात लिहायचं, ‘मंजूर’ दाबायचं, की तो बदल सगळ्या गवंड्यांच्या फोनवर उमटायचा. फोनवर येईल ते करायचं, तोंडी कोणाचं ऐकायचं नाही, अशी तायाप्पाने सगळ्यांना ताकीदच दिली होती.

पण ॲप चालवायचं कसं, हे नव्या गवंड्यांना कळेना. तायाप्पाला वाटलं, हे सगळं कोणीतरी नीट लिहून काढावं. बाळकूचं अक्षर सुरेख होतं. डोक्याचं तायाप्पाने विचारलं नाही.

तो म्हणाला, “बाळकू, ॲप उघड आणि जे जे दिसेल ते लिही. काही सोडू नको. अक्कांच्या वास्तुशांतीच्या आत पुस्तक पुरं कर, तुला कायमचा ठेवतो.”

बाळकूने शेवंताला कळवून टाकलं, वास्तुशांतीला ये. आणि लिहायला बसला. ‘फोन उघडला. फोनवर माशी बसली. माशी उडाली. मग नवीन बदल यावर बोट ठेवलं.’

दुसऱ्या दिवशी नव्या गवंड्यांनी ते वाचलं, फोन उघडले आणि माशीची वाट बघत बसले. माशा यायच्या, पण फोनवर काही बसेनात. एकाने फोनला गूळ चोळला. तेव्हा मुंग्या आल्या. मुंग्यांचं पुस्तकात काहीच नव्हतं, म्हणून काम थांबलं.

तायाप्पा तणतणत आला. “अरे, माशी कशाला लिहिलीस? एखादी गोष्ट आधी करून बघायची. जमली तरच लिहायची.”

“बरं मालक,” बाळकू म्हणाला. “आता करून बघतो.”

आणि त्याने करून बघितलं. ‘देवघराच्या जागी न्हाणीघर’ असं लिहिलं आणि ‘मंजूर’ दाबलं. हुसेन मिस्त्री सगळ्या गवंड्यांचा मुकादम, जुना माणूस. त्याने फोन बघितला, डोकं खाजवलं, आणि माणसं कामाला लावली. अक्का समई कुठं ठेवायची ते ठरवायला आल्या, तर देवाच्या कोनाड्यात नळ.

बाळकूने पुस्तकात लिहिलं, ‘जमतं.’

तायाप्पाने कपाळाला हात लावला. देवघर पुन्हा बांधून घेतलं आणि बाळकूला बजावलं, ज्याची वस्तू त्याला आधी विचारायचं. त्याने हो म्हटल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही.

“बरं मालक. आता विचारतो.”

पुढे एकदा दुपारी सगळे जेवायला गेले आणि टाकी भरून वाहू लागली. पाणी सिमेंटच्या पोत्यांकडे निघालं. बाळकू नळाशीच उभा होता. पण नळ अक्कांचा. त्याने सायकल काढली आणि अक्कांच्या घरी गेला. अक्का बाजाराला गेलेल्या. हा बाजारात गेला. अक्का भेंडी निवडत होत्या. त्यांची भेंडी निवडून होईपर्यंत हा अदबीने थांबला, मग विचारलं, “अक्का, तुमचा नळ बंद करू का?”

परत येईतो सगळं सिमेंट भिजलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचे दगड झाले.

तायाप्पा आता ओरडलासुद्धा नाही. हळूच म्हणाला, “बाळकू, काही बिघडलेलं दिसलं की कोणाला विचारत बसू नको रे बाबा. झटक्यात होतं तसं करून टाक.”

“बरं मालक. आता करून टाकतो.”

घर पुरं झालं, रंग लागला, वास्तुशांत तोंडावर आली. तायाप्पा लेकीला आणायला परगावी गेला. बाळकूचं शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. ॲपमध्ये ‘मागे घ्या’ असं एक बटण होतं, त्याचं.

तेवढ्यात अक्का घर बघायला आल्या आणि जाता जाता बोलल्या, “ओटा जरा उंचच झाला गं बाई.”

बाळकूने ऐकलं. म्हणजे बिघडलं. त्याने ‘मागे घ्या’ दाबलं. फोनवर आधीचा ओटा आला. पण त्यालाही अक्कांनी नावं ठेवली होती. म्हणून पुन्हा दाबलं. आधीची खिडकी आली. तिच्यावरून तर अक्का रडल्या होत्या. पुन्हा दाबलं. जिना आला, त्याच्याही आधीचं जोतं आलं. अक्कांना पसंत पडलेलं काही सापडेना. दाबत दाबत तो अगदी पहिल्या पानावर पोचला. तिथं मोकळ्या जागेचा फोटो होता. मध्ये बोरीचं झाड, आणि झाडाखाली अक्का हसत उभ्या.

बाळकूला हायसं वाटलं. त्याने ‘मंजूर’ दाबलं.

हुसेन मिस्त्रीने फोन बघितला. बाळकूला विचारलं, नक्की का? बाळकू म्हणाला, तोंडी ऐकायचं नाही ना? मिस्त्रीला ते पटलं. त्याने जेसीबी मागवला.

वास्तुशांतीच्या दिवशी अक्का पाहुण्यांना घेऊन आल्या, भटजी आले, तायाप्पा लेकीला घेऊन आला. समोर स्वच्छ, सारवल्यासारखी जागा. मधोमध बोरीचं वीतभर रोपटं, त्याला काट्यांचं कुंपण, आणि शेजारी झारी घेऊन बाळकू.

अक्कांच्या हातातला कलश खाली पडला. तायाप्पा होता तिथंच मटकन बसला.

शेवंताही तेव्हाच पोचली होती. काखेतलं गाठोडं तिने खाली ठेवलं नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, “अहो, तुमच्या नोकरीचं काय?”

“ती तर कायमची झाली,” बाळकू रोपाला पाणी घालत म्हणाला. “फोटोतली बोर अक्कांच्या डोक्याच्या वर होती. ही तेवढी होईपर्यंत मालक मला कसे काढतील?”