उघडं पान

"पण दार एका जागी राहतच नसेल, तर पहारेकरी बंद काय करणार, भंते?"

प्रज्योत खोब्रागडेनं विचारलं. विचारलं कसलं, ऐकवलंच.

म्हातारे भंते सुमनतिस्स विहारात बुद्धमूर्तीसमोर बसून चिवराची उसवलेली कड शिवत होते. सुई थांबली.

"दार कुठंय म्हणालास?"

प्रज्योतनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

"हे पान. ब्राउझरमध्ये नुसतं उघडं ठेवायचं. ज्या देशात सरकारनं इंटरनेट अडवलंय, तिथला माणूस यातून बाहेर पडतो. पहारेकऱ्याला वाटतं, तो माझ्याशीच बोलतोय. तो तर माझ्यातून पुढं गेलेला असतो. बातम्यांकडं, घरच्यांकडं."

"आणि पहारेकऱ्यानं तुला ओळखलं तर?"

"तोवर मी पान मिटलेलं असतं. दुसऱ्या गावात दुसऱ्या कुणीतरी उघडलेलं असतं. अशी तीन हजार माणसं आहेत. ही सगळी रचना माझी."

भंते पुढं वाकले. पडद्यावरचा करडा ठिपका त्यांनी निरखून पाहिला.

"जाणारा काय बोलतो, ते तुला ऐकू येतं?"

"नाही. सगळं बंद पाकिटात जातं."

"कोण जातो, ते?"

प्रज्योतचा आवाज खाली आला.

"तेच विचारायला आलोय, भंते..."

नाझनीन त्याच्याबरोबर नागपूरला शिकायला होती. आता ती तिच्या देशात, एका लहानशा गावात डॉक्टर होती. तिथल्या सरकारनं इंटरनेट अडवल्याला एकोणीस दिवस झाले होते. तिचा एक शब्द आला नव्हता.

येणारा कोणत्या गावातून आला, याची नोंद ठेवणारं बटण प्रज्योतनं तयार केलं होतं. तिच्या गावाचं नाव दिसलं असतं, तर ती जिवंत आहे एवढं तरी कळलं असतं. या कामातले सोबतचे लोक नको म्हणत होते. ती नोंद उद्या कुणाच्या हाती पडली, तर आलेला प्रत्येक जण पकडला जाईल, असं त्यांचं म्हणणं.

"मी कुणाला दाखवणार नाही, भंते. फक्त मी पाहीन."

भंतेंनी सुई चिवरात खोचून ठेवली.

तेवढ्यात ठिपका हिरवा झाला.

"कोणीतरी आलं!" प्रज्योत सरसावून बसला. त्याचं बोट बटणापाशी गेलं. "ती असेल तर..."

"असेल," भंते म्हणाले.

"दाबू?"

"ती नसेल तर?"

बोट तिथंच राहिलं...

लॅपटॉपनं टिंग केलं. बॅटरी संपत आली होती. दोन टक्के. प्रज्योतनं पिशवीतून चार्जर काढला आणि इकडंतिकडं पाहिलं. विहारात एकच सॉकेट होतं. त्यात मूर्तीसमोरच्या दिव्याची वायर खोचलेली होती.

भंते गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी मूर्तीला वाकून नमस्कार केला आणि दिव्याची वायर उपसली.

मूर्तीचा चेहरा अंधुक झाला.

"भंते, अहो, दिवा..."

"लाव लवकर. कुणीतरी वाटेत आहे."

प्रज्योतनं चार्जर लावला. परत येऊन बसला. दोन्ही हात त्यानं मांडीवर घट्ट धरून ठेवले.

दोघं ठिपक्याकडं बघत राहिले. हिरवा. हिरवा. प्रज्योतला वाटलं, आपल्या छातीतून कुणीतरी अनवाणी चालत निघालंय. पाऊल ओळखीचं आहे की नाही, काही केल्या उमगेना.

अकरा मिनिटं गेली.

ठिपका पुन्हा करडा झाला.

प्रज्योतनं डोळे पुसले. मग त्यानं ते बटण पुसून टाकलं, त्यामागच्या कोडची प्रत्येक ओळसुद्धा. पान मात्र उघडंच ठेवलं.

"पोचली," भंते म्हणाले.

"कोण, भंते?"

भंते पुन्हा सुईत दोरा ओवू लागले.

"जिचं नाव तू विचारलं नाहीस, ती."