दोनशे चाळीस रुपये

"आणि हे दोनशे चाळीस रुपये परत का केलेस?"

सदानंदबुवांचं बोट वहीच्या शेवटच्या पानावर थांबलं होतं.

दिगंबर पोतनीस मनातून सुखावले. बुवांनी नेमकं हेच विचारावं, अशी त्यांची इच्छा होती.

बँकेतून निवृत्त झाल्यावर ते गावातल्या सेवा मंडळाचे खजिनदार झाले होते. मंडळ लहान, अकरा माणसांचं. आजाऱ्यांना खाटा, कुबड्या, चाकाची खुर्ची फुकट वापरायला द्यायचं. वार्षिक सभेआधी पोतनीस वर्षाचा हिशेब घेऊन नदीकाठच्या मठात येत, आपल्या गुरूंना दाखवायला.

"शेवंताबाई गुरव म्हणून आहेत," ते म्हणाले. "नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा आपली खाट नेली होती. तो गेला. त्यानंतर वर्षभर बाई दर महिन्याला वीस रुपये आपल्या देणगीपेटीत टाकत होत्या. चार घरची धुणीभांडी करतात हो! मला कळलं तसा घरी जाऊन सगळे परत देऊन आलो. सभेतही सांगणार आहे."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. पैसे मुठीत धरून नुसत्या बघत राहिल्या... नंतर पेटीकडे फिरकल्या नाहीत."

बुवांनी वही मिटली.

पोतनीसांनी पिशवीतून धोतरजोडी काढली, वर नारळ ठेवला आणि बुवांपुढे ठेवून नमस्कार केला. दरवर्षीची दक्षिणा. चार दुकानं हिंडून निवडलेली.

बुवांनी ती उचलली... आणि परत त्यांच्याच मांडीवर ठेवली.

"राहू दे. पेन्शनीत तुझं कसं भागत असेल, मला का कळत नाही?"

पोतनीसांचे कान तापले.

"बुवा, मी काही इतका..."

धोतरजोडी हातात धरून ते नुसते बघत राहिले.

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"उद्याच जातो त्यांच्याकडे," अखेर ते खालच्या आवाजात म्हणाले. "माफी मागतो."

"माफी नको मागूस," बुवा म्हणाले. "वर्गणी माग."