स्वतःलाच ऐकणारी इकोची डबी

वायरीसुद्धा बोलायच्या, त्या काळची गोष्ट. जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात भामिनी भावाच्या माघारी त्याचे गाणे पहिल्यांदाच गात होती. मिक्सर तिचा आवाज इकोच्या डबीकडे पाठवी आणि डबीने दिलेले पडसाद त्याच आवाजात मिसळून स्पीकरवर सोडी.

"मिक्सरदादा, माझे पडसादही मलाच पाठव. मग मी थांबणारच नाही," डबी म्हणाली.

"वेडे, शिट्टी उठेल."

"घाबरट!"

"मग घे!" म्हणत मिक्सरने बटण फिरवले. पडसादावर पडसाद चढले, कर्कश शिट्टी उठली आणि भामिनीचे गाणे बुडाले.

"ताई, गाणं लावा, कुकर नको!" कोणीतरी ओरडले.

"दादा, बंद कर. मला भामिनीच ऐकू येत नाही," डबी रडकुंडीला आली.

मिक्सरने बटण मागे फिरवले. भामिनीने न डगमगता तीच ओळ पुन्हा घेतली. ओळ संपल्यावर डबीने ती दोनदा हळू म्हटली आणि पुढची ऐकायला गप्प झाली.